पिवळ्या केसांची बाई

पुनम सुरवाडेला कशाकशाची भीती वाटते हे सांगत बसलं तर दिवस पुरायचा नाही. पालीची वाटते, कुत्र्यांची वाटते, अनोळखी नंबरवरून आलेल्या फोनची वाटते. लिफ्टमध्ये ती चढत नाही. मीटिंगमध्ये कोणी 'पुनम, तुला काय वाटतं?' असं विचारलं की तिला घाम फुटतो, आणि जे काही वाटत असतं ते जागच्या जागी विरून जातं. एवढ्या भित्र्या जिवाला जन्म घ्यायचं धाडस तरी कसं झालं, असं तिचा मामा एकदा भर पंगतीत म्हणाला होता, आणि त्यावर सगळ्यांत जास्त तीच हसली होती.

तिचं गाव, नशिराबाद, हायवेला लागून आहे. शाळा रस्त्याच्या एका अंगाला आणि घर दुसऱ्या. बाकीची पोरं ट्रक येताना दिसला तरी दप्तर सावरत पळत पार व्हायची. पुनम मात्र रस्ता पुरता रिकामा व्हायची वाट पाहत कडेला उभी राहायची. आता हायवे कधी रिकामा होतो का? शेवटी तिची आई बेबाबाई शेतातून परत येताना तिला तिथेच उभी सापडायची आणि हाताला धरून पलीकडे न्यायची. "या पोरीचं पुढं कसं व्हायचं?" हा बेबाबाईचा रोजचा प्रश्न होता.

पुढं तसं बरंच झालं. पुनम पदवीधर झाली, संगणकाचे कोर्स केले आणि जळगावच्या एका संस्थेत लागली. संस्था लहान वयातली लग्नं थांबवायचं काम करते. पोलिसांबरोबर मंडपात जाऊन उभी राहणारी, वऱ्हाडाच्या शिव्या खाणारी माणसं वेगळी. पुनमकडे फक्त आकडे. किती गावं, किती मुली, किती लग्नं थांबली, हे ती टेबलाशी बसून जुळवते. कधी माणसं कमी पडली तर सर्वेला जाते, तेही सोबत कोणी असेल तरच. पंख्याखाली बसून, कोणाशी न बोलता करायचं काम मिळालं म्हणून ती मनातून फार खूश होती.

यंदा संक्रांत झाल्यावर संस्थेचे प्रमुख नीलेश सर तिच्या टेबलापाशी आले.

"पुनम, आपला वार्षिक अहवाल कोणी उघडूनसुद्धा बघत नाही. एक इन्फोग्राफिक कर. एकाच पानात, चित्रांतून सगळं कळलं पाहिजे. बातमी कोण देतं, मग काय होतं, लग्न कसं थांबतं. सरपंच, पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका, सगळ्यांच्या मोबाइलवर गेलं पाहिजे."

"कशात करू, सर?"

"ऑनलाइन ढीगभर टूल आहेत. बघ आणि एक निवड."

सर सहज बोलून गेले. पण निवडायचं म्हटलं की पुनमचं अडतं. दुकानात दोन ओढण्या समोर टाकल्या तर ती दोन्ही ठेवून घरी येणारी. इथे तर प्रत्येक वेबसाइट 'आम्हीच सोपे, आम्हीच फुकट' असं ओरडत होती, आणि फुकट देणाऱ्याची तिला सगळ्यांत जास्त भीती.

पहिलं टूल दिसायला फार गोड होतं. तयार टेम्प्लेट, गोल गोल आकडे, रंगीत बाण. पण खातं उघडताना त्याने 'तुमचे संपर्क पाहू द्याल का?' असं विचारलं आणि तिने लॅपटॉपच मिटून टाकला. दुसऱ्या दिवशी धीर करून 'नाही' दाबलं, तर काहीच झालं नाही, काम सुरू. मग मराठी टाकलं तर अक्षरं फुटून इकडेतिकडे पडली. फॉन्ट बदलून बदलून ती सांधली. एवढं झाल्यावर लक्षात आलं की त्या टूलमधली माणसं आपल्याकडची नव्हतीच. 'फोन करणारी स्त्री' असं शोधलं की एकच बाई पुढे यायची, पिवळ्या केसांची, गुडघ्यापर्यंत झगा घातलेली, धुराड्याच्या घरासमोर उभी राहून फोनवर हसणारी.

दुसऱ्या टूलने आधी पुष्कळ लाड केले आणि पान डाउनलोड करायच्या वेळी बँकेच्या कार्डाचा नंबर मागितला. पुनमने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. तिसरं टूल आलेख सुरेख काढायचं. पण त्याच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं की फुकट खात्यावर बनवलेलं सगळं कोणालाही पाहता येईल. भित्र्या माणसाचा एवढाच फायदा, की बारीक अक्षरं तो सोडत नाही. गावांची माहिती परक्यांच्या हाती जायला नको म्हणून तिने ते टूल तिथल्या तिथे बंद केलं.

म्हणजे निष्काळजीपणा तिने कुठे केला नव्हता, हे आधी सांगून ठेवलं पाहिजे.

शेवटी पहिल्याच टूलमध्ये पान तयार करून तिने सरांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. सर केबिनमधून बाहेर येऊन मोठ्याने हसले.

"ही कोण गं? ही बाई आपल्या पोलीस पाटलाला फोन करतेय? लोक म्हणतील, संस्था लंडनमध्ये लग्नं थांबवते. आपली बाई दिसली पाहिजे, पुनम. बघता क्षणी वाटलं पाहिजे, अरे, ही तर आपल्या गल्लीतली."

मग तिला चौथं टूल सापडलं. त्याला फोटो द्यायचा, ते त्याचं चित्र करून द्यायचं. सपाट रंग, जाड रेघा, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता गव्हाळ गोल. नाक, डोळे काहीच नाही. पुनमने आधी बेबाबाईचा फोटो टाकून पाहिला. पौर्णिमेला विहारात जाताना काढलेला, पांढऱ्या साडीतला.

"ही मी? अन् नाक कुठं गेलं माझं?" बेबाबाई म्हणाली.

पुनमला हायसं वाटलं. सख्ख्या आईला आपलं चित्र ओळखू येत नाही, मग दुसऱ्या कोणाला काय येणार? तिने चौथं टूल निवडलं.

आता फोटो हवा होता, आणि तो तिच्याकडे होता. दिवाळीच्या आधी ती धरणगावच्या पुढच्या एका गावात सर्वेला गेली होती. तिथे कलाबाई नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईने तिला ओट्यावर बसवून पाणी दिलं, वर चहा पाजला. पुनमने मशीनवर वाकलेल्या कलाबाईचा, मागे दिसणाऱ्या घराच्या दारासकट, फोटो काढला होता. पुढे तुळशीची लग्नं आटोपल्यावर त्याच गावातल्या मेघा नावाच्या, अजून दहावीत असलेल्या मुलीचं लग्न ठरलं, हेल्पलाइनला फोन गेला आणि हळदीच्या आदल्या दिवशी ते थांबलं. तेव्हा सर दार लोटून घेऊन पुनमला म्हणाले होते, "फोन त्या शिवणवाल्या बाईच्या मोबाइलवरून आला होता. तू हे ऐकलेलं नाहीस." पुनमने मान डोलावली होती, आणि खरोखरच घरीदारी कुठे अक्षर काढलं नव्हतं.

पण चित्र कोणाचं करावं हा प्रश्न आला तेव्हा तिचा हात आपोआप त्या फोटोकडे गेला. जिने एवढं केलं तिचं नाव तर कुठेच येणार नाही, निदान चित्र तरी तिचं असावं, असं तिला वाटलं. मशीनवरून ओळख पटेल म्हणून चित्रातलं मशीन तिने काळजीपूर्वक पुसलं आणि हातात फोन दिला. दार मात्र राहू दिलं. त्याची एक फळी निळी आणि दुसरी हिरवी होती, आणि पानावरच्या निळ्या-हिरव्या बाणांशी ते रंग इतके छान जुळत होते की जणू ठरवून केलेत.

ते ठरवून केलेलं नव्हतं. कलाबाईने दार रंगवायला घेतलं तेव्हा निळा रंग अर्ध्यात संपला आणि घरात हिरवा उरलेला होता, म्हणून तो लावला. जळगावात बसलेल्या पुनमसाठी ती रंगसंगती होती. गावात 'दोन रंगांचं दार' म्हटलं की लहान पोरसुद्धा कलाबाईचं घर दाखवतं.

सरांना चित्र फार आवडलं. "ही खरी आपली बाई!" म्हणत त्यांनी ते सगळ्या ग्रुपांवर टाकलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे धुळ्याला बैठकीला निघून गेले. पुनम ऑफिसात एकटी होती. दुपारी डबा उघडला तोच त्या गावच्या अंगणवाडी सेविकेचा, शिल्पाताईंचा, आवाजी संदेश आला. बाई दबक्या आवाजात बोलत होती.

"पुनमताई, तुम्ही पाठवलेलं ते चित्र गावात फिरतंय. ते दार कलाबाईचं आहे म्हणतात सगळे. मेघाचे काका, अभिमन आबा, सकाळपासून तिच्या ओट्यावर जाऊन बसलेत. मी काही बोलले असं कुठं सांगू नका."

पुनमने तो संदेश पुन्हा ऐकला. चित्र उघडून पाहिलं, आणि इतके दिवस जे दार तिला सुंदर दिसत होतं तेच आता तिच्याकडे टक लावून पाहत होतं. कलाबाईला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. तिने सरांना फोन केला.

"काढून टाकतो ग्रुपवरून," सर म्हणाले. त्यांचाही आवाज बदलला होता. "पण पुढे गेलेलं काही काढता येणार नाही. मी इथून निघेपर्यंत संध्याकाळ होईल. पोलिसांना सांगू का?"

"सर, पोलिसांची गाडी तिच्या दारात थांबली तर मग शिक्कामोर्तबच होईल."

हे आपण बोललो याचं पुनमलाच नवल वाटलं. पण ते खरंच होतं, आणि सरांनाही पटलं. तिने डबा तसाच झाकला, ऑफिसला कुलूप लावलं आणि बसस्टँडवर आली. जाऊन काय करायचं हे तिला ठाऊक नव्हतं. नुसतं कलाबाई धडधाकट आहे हे डोळ्यांनी पाहायचं होतं. तिला काही झालं तर ते आपल्या हाताने झालं, एवढी एकच गोष्ट डोक्यात घुमत होती.

एसटीत खिडकीची जागा मिळाली, पण बाहेरचं तिला काही दिसेना. पाळधी गेलं, धरणगावकडे वळल्यावर शेतांत कापसाच्या पऱ्हाट्या उपटून रचलेल्या दिसायला लागल्या, आणि प्रत्येक ढिगाकडे बघून तिला आग लावलेलं घर आठवत होतं, जे तिने कधी पाहिलंही नव्हतं. भित्र्या माणसाचं मन भारी कल्पक असतं. कलाबाईचं मशीन ओट्यावरून खाली फेकलेलं, कलाबाईला आळीत कोणी पाणी देत नाही, कलाबाई गाव सोडून चाललीय. धरणगावला उतरून ती काळीपिवळीत बसली तेव्हा ड्रायव्हरने गाव विचारलं, आणि तिने ते मोबाइलवर लिहून दाखवलं.

कलाबाईचं घर लांबूनच दिसलं. दाराची एक फळी निळी, दुसरी हिरवी. ओट्यावर पाच-सहा पुरुष बसलेले, समोर बायकांचा घोळका, आणि उंबऱ्यात, मशीनला पाठ लावून, कलाबाई. तिच्या गळ्यात माप घ्यायची टेप लोंबत होती. पुनमला पाहताच तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिला वाटलं असणार, आता ही पोरगी उरलंसुरलंही सांगून टाकते.

अभिमन आबा मधोमध बसून सुपारी कातरत होते. आवाज न चढवणारा माणूस. गावातली भांडणं मिटवायला लोक त्यांना बोलावतात.

"या ताई, बठा," ते म्हणाले. "बरं व्हयनं तुम्ही उनात. आम्ही अडाणी मानसं, आमले काही समजत नही. तुम्ही शिकेल शेतस, तुम्हीच सांगा. हाई दार कोनं शे?"

मोबाइल तिच्यासमोर धरला गेला. पुनम उभीच राहिली. बसली असती तर पुन्हा उठता आलं नसतं.

"कलाबाई अक्काचं," ती म्हणाली. नाही म्हणण्यात अर्थच नव्हता.

घोळक्यात कुजबुज झाली. अडकित्ता थांबला.

"मंग हाई फोनवाली बाई कोन?"

"आबा, मी सकायपासून सांगी राहिनू," कलाबाई मागून म्हणाली, "मी कोनलेच फोन करेल नही."

"तू चूप बठ. मी ताईले इचारी राहिनू."

काय बोलावं हे पुनमने ठरवलं नव्हतं, आणि आता ठरवायला वेळही नव्हता. तिने आपला मोबाइल काढला. सरांना आधी पाठवलेलं पान तिने शोधलं आणि अभिमन आबांसमोर धरलं.

"ही बाई आधी होती," ती म्हणाली. "कॉम्प्युटरमध्ये आयती मिळते ती. सर म्हणाले ही चालणार नाही, आपल्याकडची पाहिजे. माझ्याकडे फोटो होता सर्वेचा, दिवाळीच्या आधीचा. लग्न ठरलंसुद्धा नव्हतं तेव्हाचा. तो टाकला. मला बाईचं चित्र हवं होतं, बाकी काही नाही."

अभिमन आबांनी चष्मा वर करून पाहिलं. शेजारच्याने डोकावून पाहिलं. पिवळे केस, गुडघ्यापर्यंत झगा, धुराड्याचं घर, आणि खाली मोठ्या अक्षरात 'आपल्या गावातील जागरूक महिला'. शेजारचा माणूस आधी फिसकन हसला. मोबाइल बायकांमध्ये गेला आणि तिथे तर हसण्याची लाटच उठली. "वं माय, हाई कोनी सून?" असं कोणीतरी म्हणालं, आणि अभिमन आबांच्या मिशीतही क्षणभर काहीतरी हललं. पुनमला वाटलं, सुटलो.

आबांनी मोबाइल परत दिला. सुपारीचा तुकडा तोंडात टाकला.

"ते ठीक शे," ते म्हणाले. "पन फोन तं कोनीतरी करा ना? आमनी पोरनं लगन मोडनं. बठ्ठा भाऊबंदमा मान खाले गयी. मंग कोनी करा?"

हसू जिथल्या तिथे मेलं. सगळे पुन्हा कलाबाईकडे पाहायला लागले. पुनमनेही पाहिलं. कलाबाईच्या बोटांनी टेपचं टोक घट्ट धरलं होतं. आणि तिच्या मागे, घराच्या अंधारात, शाळेच्या ड्रेसमधली एक मुलगी भिंतीला चिकटून उभी होती. बहुतेक ब्लाउज न्यायला आली असावी आणि अडकून पडली असावी.

पुनम हायवेच्या कडेला उभी होती आणि रस्ता रिकामा होणार नव्हता.

"मी केला," ती म्हणाली.

आवाज इतका बारीक निघाला की आबांनी कान पुढे केला. तिला ते पुन्हा म्हणावं लागलं, आणि दुसऱ्यांदा म्हणणं पहिल्यापेक्षा कठीण गेलं.

"फोन मी केला. सर्वेत मुलींची वयं मीच लिहून घेतली होती. लग्न ठरल्याचं कानावर आलं, तेव्हा वय मला माहीत होतं. मीच कळवलं. माझं कामच ते आहे."

अभिमन आबा तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. ते चिडले असते, ओरडले असते, तर बरं झालं असतं.

"गाव कोनतं तुमनं, ताई?"

"नशिराबाद."

"आडनाव?"

"सुरवाडे."

"सुरवाडे," त्यांनी सावकाश म्हटलं, जिभेवर चव घेतल्यासारखं, आणि आजूबाजूच्या पुरुषांकडे पाहिलं. त्या पाहण्यात काय होतं हे पुनमला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिच्या आईने ते पाहिलं होतं, आजीने पाहिलं होतं. "घर हायवेवर शे का मझार गावमा?"

"हायवेला लागून."

"ध्यानमा ठेवसूत."

ते उठले. उठता उठता त्यांनी हात जोडून नमस्कारही केला, आणि बाकीचे पुरुष त्यांच्या मागोमाग पायऱ्या उतरले. पण गेले नाहीत. समोरच्या लिंबाखाली जाऊन उभे राहिले. बायकाही पांगल्यासारखं करून आपापल्या ओट्यांवर थांबल्या.

कलाबाईच आधी सावरली. सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली, "मांगला टाइमले ब्लाउजनं सांगी गयती ना तू? माप राही गयं तुनं. ये मझार."

पुनमने कधी ब्लाउज सांगितला नव्हता. ती आत गेली. मघाची मुलगी भिंतीशी तशीच होती. कलाबाईने तिला काही म्हटलं नाही, पुनमला खिडकीपाशी उभं केलं, लिंबाखालून दिसेल असं, आणि टेप तिच्या छातीभोवती घेतली. टेप हलत होती. पुनम थरथरते म्हणून हलते की कलाबाईचे हात कापतात म्हणून, हे दोघींनाही कळत नव्हतं. माप काही केल्या लागेना.

"अक्का, माझं चुकलं," पुनम पुटपुटली. "तुम्ही एवढं केलंत आणि मी तुम्हालाच..."

"चूप," कलाबाई ओठ न हलवता म्हणाली. टेप खांद्यावर नेली. "फोन मी करेल नही, माय. मी फक्त हातमा दिधा. बोलनी ती." आणि तिने डोळ्यांनी भिंतीकडे खूण केली. "तिनं आंग बी असंच कापी राहिंतं, तुनं कापस तसं."

पुनमने मान वळवली. मेघा तिच्याकडेच पाहत होती. बारीक, सावळी, ओठ घट्ट मिटलेली पोरगी. स्वतःच्या लग्नाविरुद्ध फोन तिने स्वतः केला होता, आणि तो जिच्या मोबाइलवरून केला ती बाई सकाळपासून मेघाच्या सख्ख्या चुलत्यासमोर बसून, सगळं आपल्या अंगावर येत असताना, एका शब्दानेही त्या मुलीकडे बोट जाऊ देत नव्हती. पुनमच्या त्या सुंदर दाराने कलाबाईला गाठलं होतं, आणि आणखी थोडं रेटलं असतं तर ते मेघापर्यंत पोहोचलं असतं. आबांना हे कळलं असतं तर शाळा त्याच दिवशी सुटली असती आणि यंदाच्याच लग्नसराईत, लांब कुठेतरी, गुपचूप सगळं उरकलं असतं. पुनमला खरी भीती तेव्हा वाटली. मघापर्यंतची तिच्यापुढे काहीच नव्हती.

"हात वर कर," कलाबाई मोठ्याने म्हणाली. पुनमने हात वर केला.

मेघाने तिचा तो वर केलेला हात पाहिला आणि एकदाच, कोणाला कळणार नाही इतकी, मान हलवली. मग कडेची ब्लाउजची गुंडाळी उचलून ती बाहेर पडली, लिंबाखालच्या काकांसमोरून सरळ घराकडे गेली.

दुसऱ्या दिवशी पुनम ऑफिसात आली ती तापाने फणफणलेली. तरी आली. रात्रभर हायवेवरचं प्रत्येक वाहन आपल्या दारात थांबतंय असं तिला वाटत होतं, आणि बेबाबाईला काही सांगितलं नव्हतं. सर आधीच येऊन बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा पाणी प्यायले, मग म्हणाले की यापुढे पुनमला एकटीला कुठे पाठवायचं नाही, आणि ती घरी जाईल तेव्हा कोणीतरी सोबत जाईल. चित्र बदलून नवीन पान सगळीकडे पाठवायचं होतं. जुनं लवकर विसरलं जाईल तेवढं बरं.

पुनमने पहिलं टूल उघडलं. 'फोन करणारी स्त्री' असं शोधलं. ती बाई आली, पिवळे केस, झगा, धुराड्याचं घर, काही झालंच नाही अशी हसत. पुनमने तिला उचलून मधोमध ठेवलं.

सर मागे येऊन उभे राहिले.

"पुनम, ही आपल्याकडची वाटत नाही गं."

"म्हणूनच घेतली, सर."

ते पान तसंच गेलं. काही लोकांनी हसण्याचे चेहरे पाठवले, कोणी विचारलं की ही गोरी मावशी कोणत्या तालुक्यातली. पुनम एकेक उत्तर वाचत राहिली. एवढी थट्टा झाली म्हणून तिला कधी इतकं बरं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी तिने शिल्पाताईंना संदेश लिहायला घेतला. 'मेघा शाळेत गेली का?' लिहिलं आणि पाठवायच्या आधीच पुसलं. विचारलं तरी नाव उघडं पडणार होतं. मग तिने लिहिलं, 'ताई, तुमच्या गावच्या सगळ्या मुली आज एसटीने शाळेत गेल्या का?'

उत्तर यायला वेळ लागला. तेवढ्यात एका अनोळखी नंबरवरून फोन वाजून वाजून बंद झाला, आणि तिने तो हातात धरून ठेवला पण उचलला नाही. मग शिल्पाताईंचं उत्तर आलं.

'हो ताई. सगळ्या गेल्या.'